तीन की चार? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, एकदा तर पेट्रोल पंपाच्या रांगेत. प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, प्रोस्टेटचा एमआरआय एकच, रिपोर्ट दोन. एकाने तीन लिहिलंय, दुसऱ्याने चार. मग चुकलं कोण?" मी रेडिओलॉजिस्ट. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून हेच आकडे लिहितो, त्यामुळे मला हसण्यावारी नेता येत नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. रिपोर्टातला हा आकडा पायरॅड्स नावाच्या १ ते ५च्या मोजपट्टीवरचा, आणि पायरॅड्स ४ म्हणजे कॅन्सरची चौथी स्टेज नव्हे. एका गृहस्थांनी रिपोर्ट वाचून रातोरात शेताची वाटणी काढली होती. हा आकडा संशयाचा आहे. १ म्हणजे उपचार करावा लागेल असा कॅन्सर असण्याची शक्यता फारच कमी, ५ म्हणजे फारच जास्त. युरोपातल्या रेडिओलॉजिस्टांनी २०१२ साली ही पद्धत आणली, २०१५ला अमेरिकेतल्या मंडळींबरोबर ती नव्याने लिहिली गेली आणि २०१९ला २.१ ही आवृत्ती आली. त्याआधी जो तो आपापल्या भाषेत "संशयास्पद वाटते", "नाकारता येत नाही" असं लिहायचा आणि युरोलॉजिस्ट डोकं धरून बसायचा.

मग एवढे नियम बांधूनही मतं का जुळत नाहीत? २०१६ साली वेगवेगळ्या सहा संस्थांतल्या सहा अनुभवी रेडिओलॉजिस्टांना तेच ते स्कॅन वाचायला दिले गेले. निव्वळ योगायोगाने जुळणारी मतं वजा करून उरलेली सहमती मोजायला कापा नावाचं माप असतं. पूर्ण एकमत झालं तर १, नाणेफेकीइतकंच जुळलं तर ०. "४ किंवा जास्त" म्हणण्याबाबत या सहा जणांचा कापा आला ०.५५च्या आसपास. म्हणजे मध्यम. मध्ये एक प्रशिक्षणाचं सत्रही झालं, त्याने काही फरक पडला नाही. हे नवशिके नव्हते, हे लक्षात घ्या.

त्यातही प्रोस्टेटच्या कडेच्या भागात सहमती थोडी बरी होती, आतल्या भागात कमी. रोज बघणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. कडेचा भाग टी-२ चित्रात, म्हणजे एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात, पांढराशुभ्र दिसतो, त्यावर काळा ठिपका उठून दिसतो. पन्नाशी-साठीनंतर आतला भाग मात्र वाढीच्या गाठींनी भरून जातो. फोडलेलं डाळिंब डोळ्यांसमोर आणा: दाण्याला दाणा चिकटलेला, मध्ये पातळ पडदे, काही दाणे फिके, काही काळपट. कॅन्सर या दाण्यांचे पडदे पुसून टाकतो. पाटीवरचं अक्षर तळहाताने पुसल्यावर राखाडी फराटा उरतो ना, तसा. आता पडदा पुसला गेलाय की मुळातच पातळ होता, हे मिलिमीटरभर जागेत ठरवायचं. इथे दोन माणसांचं दुमत व्हायचंच.

माझं तर माझ्याशीच झालंय. मागे एका मीटिंगसाठी जुनी केस काढली, नाव झाकून. आतल्या भागात डाव्या बाजूला एक गाठ होती. मी तिला २ दिले. मग जुना रिपोर्ट उघडला, तर आठ महिन्यांपूर्वी मीच ३ लिहून "पाठपुरावा करावा" असा सल्ला दिलेला. स्कॅन तोच, डोळे तेच, चष्म्याचा नंबरही तोच.

पण सगळं खापर डोळ्यांवर फोडू नका. कितीतरी वेळा चित्रातच खोट असते. प्रोस्टेटच्या अगदी मागे गुदाशय. तिथे गॅस भरलेला असला की डिफ्युजनचं चित्र, म्हणजे पेशींच्या दाटीत पाण्याचे कण किती अडकलेत हे दाखवणारं, वेडंवाकडं होतं. आणि कडेच्या भागाचा आकडा मुख्यतः त्याच चित्रावर ठरतो. खुब्यात धातूचा सांधा असेल तरी तेच. बायोप्सी होऊन आठवडाच झालेला असेल तर आत रक्त साचलेलं असतं आणि तेही फसवतं. पोट साफ नसलं तर टेक्निशियन पेशंटला परत पाठवतो तेव्हा त्याच्यावर चिडू नका, एवढंच मागणं.

आता ज्या प्रश्नावरून मी लिहायला बसलो तो. निवृत्त एसटी कंडक्टर, वय ६६, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं प्रथिन, रक्ततपासणीत मोजतात ते) ६.८. पहिल्या ठिकाणी ४, दुसऱ्या ठिकाणी ३. काका पिशवीतून दोन्ही रिपोर्ट आणि सीडी काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "तिकीट एकच, पण दोन कंडक्टरांनी वेगवेगळं भाडं सांगितलंय." फरक साधा नव्हता. ग्रंथी मोठी होती, ६२ सीसी. पीएसएला आकारमानाने भागलं की ०.११ येतं आणि ०.१५च्या खाली असलं की धोका कमी मानतात. म्हणजे ३ असेल तर युरोलॉजिस्ट कदाचित "थांबून बघू" म्हणाला असता. ४ म्हणजे बायोप्सी.

सीडी लावली. उजव्या कडेला नऊ मिलिमीटरचा डाग होता. डिफ्युजनवर धड काळा नाही, धड राखाडी नाही. मीही तीनच म्हटलं असतं. मग कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यानंतरची चित्रं शोधू लागलो, तर सीडीत ती नव्हतीच. कॉपी करताना राहून गेलेली. नियम असा आहे: कडेच्या भागात ३ असलेला डाग कॉन्ट्रास्ट शिरताच आजूबाजूच्या आधी किंवा बरोबरीने उजळला, तर त्याला ४ द्यायचे. पहिल्याने ते उजळणं पाहिलं होतं, दुसऱ्याला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांनीही नियम तंतोतंत पाळला होता. आम्ही पहिल्या ठिकाणाहून पूर्ण स्कॅन मागवला, तर डाग दिव्यासारखा उजळलेला. मीही ४ लिहिले.

म्हणून दुसरं मत घ्यायचं तर जरूर घ्या, पण नुसता कागद किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो नेऊ नका. पूर्ण सीडी, पीएसएचे जुने आकडे, आधीच्या बायोप्सीची तारीख, मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपचार म्हणून मूत्राशयात बीसीजी घेतली असेल किंवा टीबी होऊन गेला असेल तर तेही सांगा. या दोन्हींनी प्रोस्टेटमध्ये अगदी कॅन्सरसारखे दिसणारे डाग पडतात.

"एवढं दुमत असेल तर मग एमआरआय करायचा कशाला?" हा पुढचा प्रश्नही येतोच. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेला प्रोमिस अभ्यास २०१७ साली आला. त्यात महत्त्वाचे, म्हणजे उपचार करावे लागतील असे, कॅन्सर एमआरआयने ९३ टक्के पकडले, जुन्या पद्धतीच्या सोनोग्राफी-बायोप्सीने ४८ टक्के. दुमत धरूनही हे साधन खूपच वरचढ आहे. उलट बाजूही सांगतो: २०२०च्या एका अभ्यासात २६ केंद्रांवर ३ किंवा जास्त आकडा मिळालेल्या डागांपैकी जेमतेम ३५ टक्क्यांतच खरोखर महत्त्वाचा कॅन्सर निघाला आणि केंद्रागणिक हे प्रमाण बरंच वरखाली होतं.

काकांची बायोप्सी झाली. डागातून नेमके तुकडे घेतले होते. निघाला जुनाट दाह, कॅन्सर नाही. काका पेढे घेऊन आले आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "म्हणजे तीनवालाच बरोबर होता ना?"

मी म्हटलं, नाही, बरोबर चारच होतं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पुढचं पीएसए सहा महिन्यांनी आहे. सीडीची अख्खी कॉपी मी त्यांच्या पिशवीत घातली आणि त्यांच्यासमोर उघडून दाखवली.