टाके निघाले, पण जखम भरली नाही

अपेंडिक्स फुटलं आणि माझं पोट उघडावं लागलं, तेही ऐन कापसाच्या वेच्याच्या दिवसांत. आम्ही यवतमाळकडचे. पऱ्हाटी पांढरी झाली की घरात कोणी झोपून राहत नाही. दहाव्या दिवशी टाके काढले. सुटलो, असं वाटलं.

तिसऱ्याच दिवशी बनियन ओली. टाक्यांच्या खालच्या टोकाला फट पडली होती, त्यातून पिवळा पू येत होता.

"कोणं आंबट खाऊ घातलं याले?" मायने लगेच खापर फोडलं. आंबट कुठलं! तिने डाळ, अंडी, मटण सगळंच बंद केलं होतं. तेरा दिवस नुसती पेज आणि मऊ भात.

डॉक्टर म्हणाले, फुटलेल्या अपेंडिक्सच्या जखमेत पू होण्याची भीती असतेच. पण आंबटाचा त्यात दोष नाही. उलट नवं मांस यायला लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व लागतं, डाळ-अंड्यांतली प्रथिनं तर लागतातच. मग विचारलं, "खर्रा?" म्हणजे आमच्याकडची घोटलेली सुपारी-तंबाखू. मी गप्प. बायको म्हणाली, "दिवसाले पाच." तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. वर माझी साखर 286. सुट्टी देताना साखरेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या फळीवर तशाच पडून.

टाके पुन्हा घातले नाहीत. जखम उघडीच ठेवून खालून वर भरू द्यायची. कातडी आधी मिटली तर पू आत कोंडतो. मग रोज सकाळी आरोग्य केंद्रात ड्रेसिंग. सिस्टर जुनी पट्टी ओढायच्या तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. शेजारच्या काकांनी विडीची राख भरायला सांगितलं, तर सिस्टरने त्यांनाच झापलं. एक दिवस आत डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल काहीतरी दिसलं, हात लागताच रक्त आलं. मी घाबरलो, सिस्टर मात्र खूश. "हेच तर पाह्यजे भाऊ, नवं मांस आहे."

भरायला 38 दिवस लागले. व्रणाला मूळ कातडीइतकी ताकद कधीच येत नाही, जास्तीत जास्त 80 टक्के, असं डॉक्टर म्हणाले. त्या हंगामात कापसाचं एकही गाठोडं मी उचललं नाही. वेचा बायकोने आणि तिच्या भावाने काढला.

खर्रा सुटला म्हणतो. पानठेल्यावरचा पोरगा अजून विचारतो, "भाऊ, घोटू का?"