निश सापडली, आणि बातम्यांवर लिहायची पद्धतच बदलली (लिखाणाचं अपडेट)

बऱ्याच दिवसांनी अपडेट देतेय. निशचं, म्हणजे लिहायला आपला एक ठराविक विषय शोधायचं, काय झालं असं ज्यांनी विचारलं होतं त्यांना आधी सांगते, सापडलीये. चालू घडामोडींवरच लिहितेय अजूनही, पण सगळ्या नाही, फक्त जहाजं, कालवे, समुद्री मार्ग आणि त्या जहाजांवर काम करणारी माणसं.

आधी निवडणूक, युद्ध, एआय, जे गाजत असेल त्यावर लिहायचे, आणि लिहिताना मजा यायची पण लिहून झालं की तो विषय डोक्यातून जायचा. निश शोधताना सगळे सांगतात की आवड बघ, मागणी बघ, स्पर्धा बघ. मला आता वाटतं त्याहून सोपी खूण आहे, सगळ्यांनी बोलायचं थांबवल्यावरही आपण कुठल्या बातमीबद्दल वाचत बसतो ते बघायचं.

माझ्या बाबतीत ती बातमी म्हणजे एव्हर गिव्हन नावाच्या कंटेनर जहाजाची. २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २९ ला सुटलं, मीम्स आले तसे गेले, आणि मी मात्र तिथेच. ४०० मीटर लांब जहाज, पुढचं टोक काठात रुतलेलं, ड्रेजर माती उपसतायत, टगबोटी ओढतायत, आणि त्यात पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीने पाणी वर आलं तेव्हा कुठे ते हललं. ते वाचता वाचता १९६७ पर्यंत मागे गेले. त्या वर्षी युद्धामुळे कालवा बंद झाला आणि कालव्याच्या वाटेतल्या ग्रेट बिटर लेक या तलावात १४ जहाजं अडकली ती थेट १९७५ पर्यंत! डेकवर वाळवंटातली वाळू साचायची म्हणून त्यांना यलो फ्लीट, म्हणजे पिवळा ताफा, म्हणायला लागले. वेगवेगळ्या देशांचे खलाशी, काहींचे देश तर शीतयुद्धात एकमेकांच्या विरोधात, पण त्यांनी तिथे एकत्र येऊन १९६८ मध्ये स्वतःचं ऑलिंपिक भरवलं, हाताने पोस्टाची तिकिटं बनवली. हे वाचलं त्या रात्री मला कळलं होतं की मी हेच लिहिणार आहे.

आता पद्धतीबद्दल, कारण प्रगती खरी तिथे झालीये. बातमी आली की मी लगेच लिहीत नाही. एक फाइल उघडते, तारीख टाकते आणि त्या दिवशी मनात आलेले प्रश्न लिहून ठेवते, बस. लिहायला बसते ते उत्तरं यायला लागल्यावर. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरमध्ये डाली नावाचं कंटेनर जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं आणि पूल कोसळला, तो व्हिडिओ तर सगळ्यांनीच पाहिला, आणि तासाभरात घातपाताच्या अफवा सुरू झाल्या. माझ्या फाइलमध्ये पहिला प्रश्न होता, जहाजावरचे दिवे का गेले? याचं नीट उत्तर आलं नोव्हेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या तपास यंत्रणेकडून. एका वायरवरचं लेबल नीट बसलेलं नव्हतं, त्यामुळे ती वायर टर्मिनलमध्ये, म्हणजे जोडणीच्या खाचेत, पूर्ण आत गेली नव्हती, ती सैल पडली आणि वीज गेली. एवढं प्रचंड जहाज आणि कारण बोटाएवढ्या लेबलचं. पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर माझ्याकडे फक्त व्हिडिओचं वर्णन असतं.

आणि त्या घटनेतला माझ्यासाठी सगळ्यात जड भाग वेगळाच आहे. जहाजावरून मेडे कॉल, म्हणजे संकटाचा संदेश, गेला म्हणून पोलिसांनी पुलावरची वाहतूक रोखली, अनेक जीव वाचले, पण पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे कामगार होते त्यांच्यापर्यंत निरोप पोचायच्या आत पूल गेला, सहा जण गेले. नंतर पुलाचा जो सांगाडा जहाजावर पडला होता तो मे महिन्यात स्फोट करून तोडला, तेव्हाही खलाशी जहाजावरच होते, त्यातले बहुतेक भारतीय. पुलाची बातमी सगळीकडे होती, पण या माणसांबद्दल वाचायचं म्हटलं तर खूप खाली स्क्रोल करावं लागायचं. मला तिथूनच सुरुवात करायचीये, यापुढे प्रत्येक लेखात.

पनामा कालव्यावरचा लेख पण झाला, तो लिहिताना खूप शिकले. सुएझ समुद्रसपाटीवर आहे, लॉक (पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करणारे दरवाजांचे हौद) नाहीत. पनामाला मात्र जहाज आधी वर चढवावं लागतं, गाटून तलाव समुद्रापेक्षा साधारण २६ मीटर उंच, आणि लॉक भरायला पंप नाहीत, तलावाचं गोडं पाणी उतारानेच येतं आणि शेवटी समुद्रात जातं, एका जहाजामागे साधारण २० कोटी लिटर. तेच पाणी पनामाची माणसं पितात. म्हणून २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तशी जहाजांची रोजची संख्या कमी करावी लागली, आणि तेव्हाच नोव्हेंबरपासून सुएझच्या वाटेवरच्या तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, म्हणजे दोन्ही शॉर्टकट एकाच वेळी अडचणीत, बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर येत होत्या, एकत्र ठेवून बघायला निशमुळेच जमलं.

सध्या ड्राफ्ट चालू आहे तो वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांवर. मालक पगार थांबवतो, जहाज कुठल्यातरी बंदराबाहेर नांगरून ठेवतो आणि फोन घेणं बंद करतो, तर वरच्या माणसांचं काय होतं? २०१७ पासून नियम आहे की अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च मिळेल असा विमा किंवा हमी मालकाने घ्यायलाच हवी. तरी माणसं कित्येक महिने जहाजावरच का अडकून राहतात हा माझ्या फाइलमधला सध्याचा प्रश्न आहे. एक धागा हाती लागलाय, जहाज नांगरावर असताना ते सांभाळायला वर किमान माणसं लागतातच, सगळे एकदम उतरू शकत नाहीत. तुमच्यापैकी कुणी मर्चंट नेव्हीत असेल किंवा घरात कुणी असेल तर माझ्याशी नक्की बोला, नाव कुठेही येणार नाही, मला फक्त त्या जहाजावरचा रोजचा दिवस कसा जातो ते नीट समजून घ्यायचंय.