अपेक्षाच नव्हती, म्हणून?

दादा बोलून गेला आणि विसरलाही असेल. "तुझी काही अपेक्षाच नव्हती गं, म्हणून आवडली तुला. तशी विशेष नव्हती ती बिअर." एवढंच. मग वहिनीने विषय बदलला, सगळे हसले, मीही हसले. आणि अजूनही झोप यायच्या वेळेला तेच वाक्य डोक्यात फिरतंय.

बिअर नॉन-अल्कोहोलिक होती. सध्या माझं तेच चाललंय, का ते परत नको. तिच्याबद्दल जे ऐकलं होतं ते सगळं वाईटच, गोडसर धान्याचं पाणी लागतं म्हणून, आणि काही खरंच तशा लागतात कारण त्यात आंबवणं मध्येच थांबवलेलं असतं, साखर बरीचशी तशीच राहते आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तो कच्चा वास जात नाही. पण आता पूर्ण बिअर आंबवून मग दाब कमी करून, फार न तापवता त्यातलं अल्कोहोल काढून घेतात, किंवा ज्या यीस्टला माल्टोज, म्हणजे माल्टमधली मुख्य साखर, पचतच नाही असं यीस्ट घालतात, म्हणजे मुळात अल्कोहोल तयारच फार होत नाही. यातली कुठली होती माहीत नाही, पण पहिल्या घोटाला व्यवस्थित कडवटपणा, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या त्या फुलांचा, लिंबूवर्गीय वास, फेसही टिकलेला. मी मोठ्याने म्हटलं, अरे ही तर बिअर आहे! त्यावर ते वाक्य.

म्हणजे मला आवडलं यात बिअरचं काहीच नाही? माझा आनंद म्हणजे नुसती वजाबाकी, मिळालेल्यातून अपेक्षा वजा? आणि मग मन कुठे कुठे जातं. कमी अपेक्षा ठेवायची सवय मला कधी लागली, कोणामुळे लागली... नको, ते आज नको.

बिअरचंच बोलू. आठवायला लागले तर अनपेक्षितपणे आवडलेल्या बऱ्याच निघाल्या. स्टाउट. काळी म्हणून जड असणार, पोट भरणार, चढणार, असं सगळे सांगायचे. गिनेस ड्राफ्ट, ती आयर्लंडची प्रसिद्ध स्टाउट, तिच्यात अल्कोहोल ४.२ टक्के, कितीतरी साध्या लागरपेक्षा, म्हणजे नेहमीच्या फिक्या पिवळ्या बिअरपेक्षा, कमी! काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, आणि तो मऊपणा नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांचा. मग ती गोझे, जर्मनीतल्या लाइप्झिगची, मीठ आणि धणे घातलेली आंबट बिअर. ऐकूनच नको वाटावं अशी. ती १९६६ मध्ये तर बंदच पडली होती, पुढे १९८० च्या दशकात लोकांनी परत सुरू केली. पिऊन बघितल्यावर कळलं का केली ते, कारण मीठ खारट लागतच नाही, ते फक्त आंबटपणाला गोलाई देतं, आणि उन्हातून आल्यावर त्याहून बरं काही नसेल.

आणि राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. जर्मनीतच बाम्बर्गला माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, तिथल्या श्लेंकर्ला ब्रूअरीची प्रसिद्ध आहे. पहिला घोट म्हणजे नुसता धूर, दुसरं काहीच कळत नाही. पण पीत राहिलं की नाक धुराला सरावतं आणि खालून माल्टची गोडी वर यायला लागते. ही मला महत्त्वाची वाटतेय, कारण इथे आवडण्याची वेळ पहिल्या घोटाची नव्हती, ग्लासच्या शेवटाची होती. तोपर्यंत अपेक्षा कुठली शिल्लक राहते? जी चव होती ती बिअरचीच होती.

तरी दादाचं वाक्य काही जाईना. मग तो प्रयोग आठवला, २००६ चा, ली, फ्रेडरिक आणि एरियली या संशोधकांचा. बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे थोडे थेंब टाकून लोकांना प्यायला दिली. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांतल्या बऱ्याच जणांना व्हिनेगरवाली साध्या बिअरपेक्षा जास्त आवडली. ज्यांना आधी सांगितलं त्यांना ती तितकी आवडली नाही. आणि ज्यांना पिऊन झाल्यावर सांगितलं, त्यांची आवड न सांगितलेल्यांसारखीच राहिली. हे मी आज परत परत वाचलं. वाईट ऐकून प्यायलं तर चव खाली जाते, वर येत नाही! म्हणजे मी जे सगळं वाईट ऐकलं होतं त्याने ती बिअर मला अजून वाईटच लागायला हवी होती, आणि ती तरीही आवडली. मग हे श्रेय बिअरचं नाही तर कोणाचं? आणि दादाने सांगितलं ते पिऊन झाल्यावर. घोट तर लागून गेला होता, चांगला.

हां, एक आहे. तीच बिअर मी नंतर परत आणली आणि तो "अरे!" आला नाही. पहिल्यांदा वाटलं, झालं, दादाचं बरोबर. पण मग नीट लक्ष देऊन प्यायले तर कडवटपणा तोच, वास तोच, आणि ग्लास संपवताना अजून हवी असं तेवढंच वाटलं. आश्चर्य वेगळं आणि चव वेगळी, आश्चर्य एकदाच मिळतं, त्याला इलाज नाही. थोडं वाईट वाटलं खरं. पण चालेल, उरलं ते पुरेसं चांगलं आहे. माणसांबद्दल हे म्हणता येतं का ते मला माहीत नाही आणि आज तिथे जायचंही नाही.

वहिनी म्हणत होती दादाच्या ग्लासात ती बिअर न सांगता ओतू या, मग बघू काय म्हणतो. मला ते नकोय. त्याने माहीत असूनच प्यावी. नाही आवडली तर नाही, त्याची जीभ त्याची आहे.

आता उलटी गोष्ट आहे, ती ग्यूझची, म्हणजे बेल्जियमच्या एका आंबट बिअरची, बाटली. तिचं इतकं कौतुक ऐकलंय की भीतीच वाटावी. ब्रसेल्सच्या आसपास बनते, वेगळं यीस्ट घालतच नाहीत, धान्याचा उकळलेला रस उघड्या उथळ भांड्यात रात्रभर गार व्हायला ठेवतात आणि हवेतलं जे यीस्ट पडेल त्यावर आंबवतात, मग एक, दोन आणि तीन वर्षं पिंपात मुरलेली ही बिअर, तिला लॅम्बिक म्हणतात, एकत्र करून बाटलीत भरतात. तीन वर्षं कोणीतरी थांबलंय यासाठी. मी मात्र आजवर ती उघडायची टाळत होते, अपेक्षेइतकी नाही निघाली तर म्हणून. रविवारी उघडणारे. अपेक्षा भरपूर आहे आणि मुद्दाम कमी करणार नाहीये. फक्त फ्रीजमधून थोडी आधी काढून ठेवायला हवी, फार गार असली की वासच येत नाही.