पावसाळ्यानंतरची कुंडीबदली: सुगडं, बरणी आणि किटली

परतीचा पाऊस थांबला, ऑक्टोबरचं ऊन ग्रिलमधून आत यायला लागलं आणि मी कुंड्या बदलायला घेतल्या. ठाण्यात सक्युलंटसाठी, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांसाठी, हाच खरा हंगाम. आपल्याकडे या झाडांना उन्हापेक्षा दमटपणा जास्त छळतो. पानांवरची छिद्रं ती रात्री उघडतात आणि तेव्हाच कार्बन डायऑक्साइड आत घेतात. जुलै-ऑगस्टच्या उबट, ओल्या रात्री त्यांचं हे काम मंदावतं, मुळं पाणी ओढत नाहीत आणि माती दिवसेंदिवस ओली राहते. त्यामुळे माझं मत आता पक्कं झालंय: भांडं किती लवकर वाळतं ते आधी बघायचं, रूप नंतर.

यंदाच्या पावसात सगळ्यात तग धरला झेब्रा हवॉर्थियाने. (२०१३ पासून तिचं शास्त्रीय नाव हवॉर्थिऑप्सिस झालंय, पण नर्सरीत हवॉर्थियाच मागा.) गॅस्टेरियाही ठणठणीत आहे. एचेवेरियाचे गुलाबासारखे पानांचे झुपके दिसायला कितीही सुरेख असले, तरी ती बहुतेक मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. तिथल्या रात्री थंड असतात. ती मी आता घ्यायचीच तर हिवाळ्याच्या तोंडावर घेते.

हवॉर्थियाची पिल्लं मी सुगडांत लावली आहेत. संक्रांतीला जांभळी नाक्यावर घेतलेली सुगडं वाण देऊन झाल्यावर घरात उरतातच. माती भाजलेली पण बिनचकाकीची, भिंतीतूनही पाणी उडून जातं आणि आकार लहान, त्यामुळे भर पावसाळ्यातही आतली माती वाळते. भोक पाडण्याआधी सुगड रात्रभर पाण्यात भिजवायचं. मग विटा-भिंतींसाठीचं साधं मेसनरी बिट लावून, ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून, अजिबात जोर न देता भोक पाडायचं. एक बघा: बाहेरून ऑइल पेंट मारलेली सुगडं किंवा पणत्या घेऊ नका. रंगाने भिंतीची छिद्रं बुजतात, मग बिनचकाकीच्या मातीचा फायदाच उरत नाही.

या वेळचं मोठं काम म्हणजे सासूबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी. झाकण कधीचं फुटलेलं. भोक पाडू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पाड गं, माळ्यावर पडून तरी काय करायचीय? पण आधी मीठ काढ तिचं." अगदी बरोबर होतं त्यांचं. जुन्या बरणीच्या चकाकीवर केसासारख्या चिरा असतात, त्यांत मीठ आणि तेल मुरलेलं असतं आणि मीठ मुळांना जाळतं. म्हणून पाणी बदलत बदलत ती बरेच दिवस भिजत ठेवली. नंतर उपडी घालून तळाला मास्किंग टेपची फुली चिकटवली आणि डायमंडचा पोकळ बिट आधी तिरका टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडली. खाच पडली की बिट घसरत नाही, मग हळूहळू सरळ करायचा. सासूबाई शेजारी बसून तांब्याने पाण्याची बारीक धार धरत होत्या. पांढरा लगदा बाहेर येत राहिला आणि शेवटी नाण्यासारखी गोल चकती आत पडली. कुठेही तडा नाही!

बरणी खोल आणि भिंत चकचकीत, म्हणजे ती हळू वाळणार. म्हणून तिच्यात जाड मुळांची, दांडगी गॅस्टेरिया लावली आणि मिश्रण जास्त भरड ठेवलं: एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिळून, तीन भाग परलाइट (हलके पांढरे खनिजाचे दाणे) आणि विटांचा चुरा मिळून. चुरा पिठाच्या चाळणीने चाळून धूळ काढून टाकायची, नाहीतर तीच खाली बसून भोक बुजवते. तळाशी खड्यांचा थर मात्र मी देत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही, ते सीमेवरच अडतं. त्यामुळे ओलावा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. कुंडी बदलल्यावर लगेच पाणी नाही. तुटलेली मुळं आठवडाभर सुकू द्यायची, मग भरपूर.

ॲल्युमिनियमच्या चहाच्या किटलीत जेड लावलंय. भोकं पटकन पडली, पण धातू पश्चिमेच्या उन्हात चांगलाच तापतो, म्हणून किटली पूर्वेच्या खिडकीत. काचेच्या बंद बरणीतले टेरारियम सक्युलंटसाठी मला मुळीच पटत नाहीत. तिथे फर्न लावा, छान वाढतील.

आता डिसेंबरपर्यंत गॅस्टेरियाची मुळं बरणीत पसरतील असा अंदाज आहे, तेव्हा भोकातून डोकावून बघीन. पुढचा प्रयोग नारळाच्या करवंटीचा. कोकणातून आणलेल्या करवंट्या वाळवून ठेवल्यात, पण पावसात त्यांना बुरशी धरेल अशी धास्ती आहे. नवी मुंबईत खाडीच्या वाऱ्यात कुणी करवंटीत सक्युलंट लावले असतील, तर आतून काही लेप दिला होता का, ते नक्की सांगा.