आधी उचलून बघते

दुकानातल्या मुलानं मला ई-सायकलचे तीन आकडे घडाघडा सांगितले. रेंज साठ किलोमीटर, मोटर अडीचशे वॅट, चार्जिंगला चार तास. मी विचारलं, "वजन किती?" तर हसून म्हणाला, "मॅडम, चालवायचीय ना तुम्हाला, उचलायची थोडीच आहे!"

मला उचलायचीच होती. पण ते त्याला समजावत बसले नाही, "येते पुन्हा" म्हणून बाहेर पडले. तीस वर्षं आठवी-नववीला गणित शिकवल्यावर एक कळतं, प्रश्नच चुकीचा वाचणाऱ्याशी उत्तरावर वाद घालायचा नसतो.

माझा प्रश्न असा होता. वय अठ्ठावन्न. उजवा गुडघा कुरकुरणारा. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण जोर लावून मारू नका, पाय नुसते फिरते ठेवा. राहायला कोथरूड, माहेर वाई. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट लहानपणी एसटीच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिलेला, तो एकदा स्वतः चढायचा होता. सिंहगडही. आता कोथरूडहून वाईपर्यंत महामार्गावरून सायकल हाकायची हौस मला नाही, आणि सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमधून पायथ्याच्या गोळेवाडीपर्यंत जायचं म्हणजे घाटाआधीच जीव जायचा. म्हणजे सायकल गाडीत घालून नेणं आलं. गाडी म्हणजे आमची वॅगन-आर. आणि नवऱ्याची कंबर माझ्या गुडघ्याहून वाईट, त्यामुळे उचलणार मीच.

गंमत अशी की घाट आणि डिकी या दोघांची मागणी एकमेकांच्या उलट. घाट म्हणतो, मोठी मोटर आण, मोठी बॅटरी आण. डिकी म्हणते, हलकं काहीतरी आण बाई.

पहिला प्रयोग नणंदेच्या सायकलवर झाला. तिची घडीची ई-सायकल, वीस इंची चाकं, गिअर एकच. घडी होते म्हणजे डिकीत जाणार, प्रश्न मिटला, असं मला वाटलं. घडी झाली, पण ती पोळीची नव्हे, सतरंजीची. हँडल एकीकडे, पेडल दुसरीकडे, धरायला जागाच नाही. न्हाणीघरातला वजनकाटा पार्किंगमध्ये आणून आधी मी एकटी उभी राहिले, मग सायकल कवेत घेऊन. फरक बावीस किलो. घडी केल्यानं आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं. हे मी मुलांना शिकवलंय आणि तरी विसरले होते.

चढाची परीक्षा बोपदेव घाटात. कोंढव्याकडून सकाळी साडेसहाला निघाले. पहिलं वळण झकास गेलं. दुसऱ्या चढावर एका गिअरमध्ये पाय फिरेनात, गुडघा बोलायला लागला, म्हणून मी पेडल सोडून अंगठ्यानं थ्रॉटल, म्हणजे नुसत्या मोटरवर सायकल पळवायचा खटका, दाबला. वेग दहा, मग आठ, मग सहा. मोटरचा आवाज जड झाला. आणि एका क्षणी शांतता. स्क्रीन चालू, बॅटरीचे चारपैकी तीन दांडे शिल्लक, पण मोटर ढिम्म. मागच्या चाकाच्या मधोमध हात लावून पाहिला तर इस्त्रीसारखा तापलेला. बाजूनं साध्या सायकलींवरची तीन तरुण पोरं गेली. त्यातला एक म्हणाला, "काकू, चार्जिंग संपलं का?" मी म्हटलं, "नाही रे, अक्कल."

वरपर्यंत ढकलत नेली. बावीस किलो. ढकलता ढकलता जे कळलं ते दुकानात कुणी सांगत नाही.

चाकातली मोटर, म्हणजे हब मोटर, चाकाच्या वेगाशी बांधलेली असते. चाक जोरात फिरतंय तोवर ती खूश. चाक रडतखडत फिरायला लागलं की बॅटरीतली वीज चाक फिरवण्यापेक्षा तारा तापवण्यातच जास्त जाते, आणि फार तापली की मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर स्वतःच हात वर करतो. छोट्या चाकाचा खरं तर चढाला फायदाच होतो, कारण त्याच वेगाला ते जास्त फेरे घेतं. नणंदेच्या सायकलचा घात केला तो एकाच गिअरनं. माझे पाय कामातून गेले आणि सगळा भार एकट्या मोटरवर पडला.

घरी येऊन वही काढली. मी चौसष्ट किलो, सायकल एकोणीस धरली, पाणी आणि पिशवी तीन. एकूण शहाऐंशी. साडेआठ टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की साडेआठ मीटर वर, तोही ताशी दहा किलोमीटरनं चढायचा तर चाकाला साधारण सव्वादोनशे वॅट पोचायला हवेत. माझ्यासारखी बाई न धापता ऐंशीएक वॅट देते. उरलेले दीडशेच्या आसपास मोटरनं द्यायचे. अडीचशे वॅटच्या मोटरला हे जमतं, पण दोन अटींवर. चाक फार मंदावू द्यायचं नाही, आणि माझे ऐंशी वॅट शेवटपर्यंत मिळत राहिले पाहिजेत. म्हणजे गिअर मोटरसाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत.

आणि ते "रेंज साठ किलोमीटर"? सपाट रस्त्यावरची असणार. मला मीटरमध्ये हवी होती, उभ्या मीटरमध्ये. वाईहून पाचगणी सुमारे सहाशे मीटर वर. शहाऐंशी किलो सहाशे मीटर उचलायला एकशेचाळीस वॅट-तास लागतात. रस्त्याचं घर्षण आणि मोटरची उधळपट्टी धरली, आणि मी पेडलला पाय लावला नाही असं समजलं, तरी पावणेतीनशेच्या आत भागतं. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे तीनशेसाठ वॅट-तासांची बॅटरी पुरे. त्याहून मोठी घेतली तर दर वेळी ते जास्तीचं वजन आपल्यालाच उचलायचं.

दुसरा प्रयोग मिड-ड्राइव्हचा. यात मोटर पेडलपाशी असते आणि तिचा जोर साखळीतून, गिअरमधून चाकाला जातो. चढावर आपण हलका गिअर टाकला की मोटरलाही तो हलका गिअर मिळतो, ती सुखानं फिरत राहते. सूस खिंडीच्या चढावर चालवून पाहिली. काय सांगू! मागून कुणी पाठीवर हात ठेवून चालतंय असं वाटलं. पेडलवर किती जोर पडतोय हे ओळखणारा टॉर्क सेन्सर होता, त्यामुळे मी हळुवार दाबलं तर तीही हळुवार. नणंदेच्या सायकलला पेडल फिरतंय की नाही एवढंच कळायचं, त्यामुळे ती एकदम झटका देऊन पळायची.

जीव अडकला होता त्या मिड-ड्राइव्हमध्ये, खोटं कशाला बोलू. पण वजन चोवीस किलो, आणि किंमत ऐकून नवरा दुकानातल्या हेल्मेटकडे एकाग्रतेनं बघायला लागला. बाहेर आल्यावर म्हणाला, "अगं, पैशाचं बघू. पण ही तू डिकीत घालणार कशी?" घटस्फोट न होता तीस वर्षं कशी निघाली ते अशा वेळी कळतं. तो योग्य तोच प्रश्न विचारतो.

मधल्या काळात कॅरिअरचा विचार करून झाला. डिकीला पट्ट्यांनी बांधायचं जे कॅरिअर मिळतं त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, एका सायकलला पंधरा किलो. शिवाय त्यावर सायकल टांगली की नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, म्हणजे खंबाटकीच्या आधीच पावती फाटणार. टपावरचं कॅरिअर दणकट, पण माझी उंची पाच फूट आणि सायकल डोक्यावर धरून उभी राहिलेली मी, हे चित्र शेजारच्यांनी बघू नये असं मला वाटलं. तेव्हा आतच.

शेवटी घेतली ती मागच्या चाकात मोटर असलेलीच, पण ॲल्युमिनियमची फ्रेम, टॉर्क सेन्सर, मागे सात गिअर, पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय निघणारं, आणि बॅटरी किल्लीनं निघणारी. मोटर अडीचशे वॅट, तिची मदत ताशी पंचवीसला थांबते. या मर्यादेत आहे तोवर कायद्याच्या लेखी ती सायकलच, ना लायसन्स ना नोंदणी. एका विक्रेत्यानं "पस्तीसला अनलॉक करून देतो" असं कानात सांगितलं होतं. म्हटलं, बाबा रे, मला दहाची पंचाईत आहे. त्यानंच उतारावर बॅटरी आपोआप चार्ज होते असंही ठोकून दिलं. या गिअरवाल्या हब मोटरमध्ये क्लच असतो, पेडल थांबलं की मोटर सुटते, चार्जिंग कुठून होणार?

काट्यावर भरली एकोणीस किलो दोनशे ग्रॅम. बॅटरी काढली, दोन सहाशे गेले. पुढचं चाक काढलं, एक नऊशे गेले. उरले चौदा सातशे. लग्नकार्यात मी याहून जड पातेली हलवली आहेत.

एक बदल मात्र मी लगेच करून घेतला. पुढची दातेरी चकती ४२ दातांची, मागची सगळ्यात मोठी २८ची. मिनिटाला साठ पेडलं मारली तर वेग होतो ताशी बारा. मला चढावर बारा झेपत नाही, म्हणजे पेडलं पन्नासवर येणार आणि गुडघ्यावर जोर पडणार. आमच्या सायकलवाल्याकडे गेले, म्हटलं मागे ३४ची बसव. तो म्हणाला, "काकू, या मोटरच्या चाकाला चकत्यांची नवी कॅसेट बसत नाही, जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील येतं. पण चौतीसचं मिळतं त्यात." बसवलं, साखळी दोन कड्यांनी वाढवली. आता साठ पेडलांना वेग दहाच्या जरा खाली. सगळ्या खरेदीत सर्वांत कमी पैसे यात गेले आणि गुडघ्याला सर्वांत जास्त उपयोग याचा झाला. त्यानंच बजावलं, "मागचं चाक पंक्चर झालं तर १८ नंबरचा पाना जवळ ठेवा, आणि मोटरच्या वायरचा जोड आधी सोडवा, ओढू नका." पाना घेतला. मागच्या टायरमध्ये लायनर, म्हणजे काटे-खिळे अडवणारी पट्टीही टाकून घेतली, कारण ते चाक रस्त्यात खोलायची माझी तयारी नाही.

डिकीत घालायचंही एक तंत्र आहे, ते चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. मागची सीट पाडायची, जुनी गोधडी अंथरायची. सीटपोस्ट खाली. साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, म्हणजे साखळी सरकवणारा डिरेलर आत जातो आणि कशाला अडकत नाही. बॅटरी पिशवीत, पुढच्या सीटच्या पायाशी. आणि पूर्ण सायकल एकदम उचलायचीच नाही. आधी पुढचा फोर्क डिकीच्या काठावर टेकवायचा, मग मागे येऊन मोटरचं जड चाक धरायचं आणि ढकलत आत घालायचं, साखळीची बाजू वर ठेवून. म्हणजे एका वेळी पूर्ण वजन हातावर येतच नाही. पाठ सरळ ठेवायची हे सांगायला नवरा बाजूला उभा असतोच.

पहिल्यांदा वाईला निघालो तेव्हा हे सगळं मी अगदी पाठ केल्यासारखं केलं. सुरूर फाट्याला वळलो आणि फोन वाजला. सोसायटीचे वॉचमन. "काकू, तुमचं एक चाक खांबाला टेकून उभं आहे, आत ठेवू का?"

नवरा काहीच बोलला नाही. उलट तेच जास्त लागलं. माहेरच्या दारात भावानं गोधडीवरून सायकल बाहेर काढली, सगळ्या बाजूंनी बघितली आणि म्हणाला, "ताई, एका चाकाची पण मिळते का आता?" ते दोन दिवस मी ढोल्या गणपतीला चालत गेले, मेणवलीला गाडीनं गेले आणि पसरणीच्या घाटाकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून चाक काढलं की ते आधी गाडीत जातं, मग सायकल.

घाट चढले पुढच्या महिन्यात. सकाळी सहाला, शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे टाकून. सुरुवातीला मोटरची मदत पाचपैकी दोनवर ठेवली, वळणांवर तीन. मागची सगळ्यात मोठी चकती, पाय फिरते, वेग नऊ-दहा. दर दोन-तीन वळणांनी थांबून मोटरला हात लावायचे, कोमट. मुकादमानं मजुराच्या पाठीवर हात ठेवावा तसं वाटायचं, चाललंय ना बरं. खाली धोम धरणाचं पाणी हळूहळू पसरत गेलं. एसटीच्या खिडकीतून ते नेहमी उजवीकडून डावीकडे झपकन जायचं, मळमळायच्या आत बघून घ्यावं लागायचं. आज एकाच वळणावर ते मी पाणी पिऊन होईपर्यंत बघत होते.

वर पोचले तेव्हा बॅटरीचे पाचपैकी दोन दांडे शिल्लक होते, म्हणजे वहीतलं उत्तर फारसं चुकलं नव्हतं. जे वहीत नव्हतं ते उतरताना कळलं. एवढी जड सायकल खाली येताना ब्रेक सतत दाबून धरले तर डिस्क तापते, करपल्यासारखा वास येतो, आणि वायरचा ब्रेक असेल तर बोटं दुखून येतात. अर्ध्यात थांबून एका कठड्यावर दहा मिनिटं बसले, डिस्क गार होऊ दिली. शेजारी एक काका स्ट्रॉबेरीची खोकी टेम्पोत लावत होते. त्यांनी सायकलकडे बघितलं, पुढे झाले, सीटखाली हात घालून मागचं चाक जमिनीपासून वीतभर उचललं आणि परत ठेवलं.

"जड हाय की," म्हणाले.

सहा महिन्यांत सायकलबद्दल योग्य प्रश्न मनात आलेला हा दुसराच माणूस.