प्रागमध्ये मॅडनच्या कबरीपर्यंत

प्रागला गेलेले बहुतेक लोक पूल आणि किल्ला बघून परततात. मी मागच्या ऑक्टोबरात गेलो तो जॉन मॅडनसाठी. ग्लासगोजवळच्या डम्बार्टनचा हा गडी १८८८ मध्ये सेल्टिक या फुटबॉल क्लबच्या पहिल्यावहिल्या सामन्यात खेळला. १९०५ मध्ये तो प्रागच्या स्लाव्हिया क्लबचा प्रशिक्षक झाला आणि १९३० पर्यंत त्या जागेवर राहिला. त्यानंतरही तो मायदेशी परतला नाही. १९४८ मध्ये प्रागमध्येच वारला.

कबर ओल्शानी दफनभूमीत आहे. मेट्रोच्या ‘ए’ लाइनवर फ्लोराला उतरा. लेखक काफ्काच्या कबरीसाठी लोक पुढच्या झेलिव्हस्केहोला उतरतात, ती दफनभूमी वेगळी. तिकीट पहिल्या प्रवासाआधीच यंत्रात पंच करा. ओल्शानीत प्रवेश मोफत आहे, पण जागा सव्वाशे एकरांची. पहिल्या दिवशी मी तसाच आत शिरलो आणि वेलींनी झाकलेल्या दगडांवरची नावं दोन तास वाचत फिरलो. कबर सापडली नाही. दुसऱ्या दिवशी कागदावर नाव आणि मृत्यूचं साल लिहून कार्यालयात दाखवलं, तेव्हा नकाशावर खूण करून मिळाली. तुम्ही आधी तेच करा, कामाच्या दिवशी सकाळी.

फाटकाजवळ लाल काचेचे दिवे मिळतात. एक घ्या, आणि काडेपेटी आठवणीने घ्या. वारा होता, तिसऱ्या काडीला वात धरली. काचेतून तो लाल उजेड दगडावर पडला आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही. स्लाव्हियाने १९२५, १९२९ आणि १९३० ची लीग जिंकली ती मॅडनच्या हाताखाली. १९२९-३० च्या मोसमात तर चौदाच्या चौदा सामने! गोलकीपर प्लानिचका १९२३ मध्ये क्लबात आला तो याच्याच तालमीत. १९३४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाचा कर्णधार तोच होता. इटलीविरुद्ध त्यांचा एकमेव गोल केला पुचने, तोही स्लाव्हियाचाच. मॅडनचं काम मला चषकांपेक्षा या पोरांमध्ये जास्त दिसतं.

दुपारी २२ नंबरच्या ट्रामने ‘स्लाव्हिया’ थांब्यावर उतरा, एडन स्टेडियम समोरच. मॅडनचं मैदान मात्र तिकडे लेत्नाच्या टेकडीवर होतं, ते मे १९४५ च्या लढाईत जळालं. तरीही टेकडीवर जा. संध्याकाळी उन्हं कलताना तिथून नदी आणि सगळे पूल दिसतात. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, तेव्हा दफनभूमी सकाळी उरका.