समुद्र बंद असतो तेव्हाची रत्नागिरी

"तुमचं बरंय हो, पार्टीच्या खर्चानं दरवर्षी रत्नागिरी! एकीकडं समुद्र, एकीकडं धबधबे. आम्ही कधी जावं, सांगा की." हे मी गेली एकोणीस वर्षं ऐकतोय. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, आणि गेल्या महिन्यात दाढी करून घेताना. गळ्यावर वस्तरा असताना एवढं मोठं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मी कोल्हापूरचा. अमोनियाचे कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. दूध डेअऱ्या, कोल्ड स्टोरेज, बर्फाच्या फॅक्टऱ्या. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराच्या बाजूला माझी एक जुनी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, आहे, बर्फ फॅक्टरी. बर्फ लागतो बोटींना. बोट निघताना पोटात बर्फ भरून घेते, म्हणून चार-सहा दिवसांनी परत आल्यावर मासळी विकण्याजोगी राहते. हंगामात मालक मशीन तासभरही बंद ठेवू देत नाहीत. मग ते खोलायचं कधी? १ जून ते ३१ जुलै. या ६१ दिवसांत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. माशांचा विणीचा काळ, त्यात वारा-पाऊस. बोटी बंद म्हणून बर्फ बंद, बर्फ बंद म्हणून मी हजर. म्हणजे समुद्राला कुलूप लागलं की मला रत्नागिरीचं बोलावणं येतं. ज्या मजेबद्दल लोक बोलतात ती ही.

धबधब्यांचं मात्र खरं आहे. ते भरपूर बघितलेत, तेही बहुतेक एसटीच्या खिडकीतून. कोल्हापूर-रत्नागिरी अंतर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. मलकापूर मागं पडलं की धुकं सुरू होतं आणि आंबा घाट उतरताना डाव्या-उजव्या बाजूला डोंगरच गळायला लागलेला असतो. रविवारी तिथं गाड्या लागलेल्या असतात, भाजलेली कणसं, छत्र्या, मोठ्यानं लावलेली गाणी. आमच्या ड्रायव्हरला त्यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त समोरचा वाकडा ट्रक दिसतो. खिडकीची काच वर राहत नाही, खाली केली तर बसत नाही, आणि त्या फटीतून धबधब्याचा माझा वाटा थेट मांडीवर येतो. साखरप्याला उतरून चहा घेतला की पँट निम्मी वाळते.

साखरप्यावरून काजळी नदी जाते. हे मला फार उशिरा कळलं. पहिली काही वर्षं मी पुलावरून नुसता जात होतो, खाली तांबडं पाणी आहे एवढंच बघायचो. मग एकदा मालकांच्या आईनं सांगितलं, "तुम्ही घाटात बघता ना मिस्त्री, तेच पाणी इथे आमच्या भाट्याला येतं." भाट्ये म्हणजे रत्नागिरी शहराला लागून दक्षिणेचा किनारा. तिथं काजळी समुद्राला मिळते. तेव्हापासून संध्याकाळी काम आटोपलं की मी भाट्याच्या पुलावर जाऊन उभा राहतो. जुलैत तिथं समुद्र निळा नसतोच. खाडीच्या तोंडापासून लांबवर चहासारखं पाणी पसरलेलं असतं. त्या चहात कुठंतरी माझा सकाळचा घाट आहे, असा एक बिनकामाचा विचार येतो. येऊ देतो.

नावाचे धबधबे हवे असतील तर देवरुखजवळ मार्लेश्वर. पायऱ्या चढून गुहेतल्या महादेवाला जायचं आणि समोर कड्यावरून धारेश्वर कोसळत असतो. एकदा गेलो होतो, गुडघे अजून आठवण काढतात. मुंबई-गोवा रस्त्यावर निवळीचा धबधबा गाडीतूनच दिसतो. रेल्वेनं आलात तर उक्षी स्टेशनच्या आसपास दार सोडू नका, तिथला धबधबा डब्यातूनच दिसतो. त्याच्या पुढंच करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. पावसाचं पाणी अंगावर घेतलेली गाडी त्या अंधारात शिरते, मिनिटं जात राहतात, आणि बाहेर आल्यावर पुन्हा तोच पाऊस.

पण रत्नागिरीत धबधबा बघायला खास कुठं जावंच लागतं असं नाही. शहराच्या मागं, वर, सगळीकडं जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे सपाट पठारं, आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. आमच्या कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास पडला तरी पंचगंगेच्या नावानं झोप उडते, यावरून अंदाज करा. सड्यावर पडलेलं पाणी थोडं जांभ्यात मुरतं, बाकीचं कडेला येतं आणि उडी मारतं. प्रत्येक वळणावर एक. पाऊस थांबला की चार दिवसांत त्यातले निम्मे गायब. दिवाळीनंतर आलेल्या माणसाला त्या जागी नुसता काळा पडलेला दगड दिसतो आणि मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या वाड्यांना पिण्याचं पाणी टँकरनं द्यावं लागतं. इतकं पाणी जातं कुठं, हे आपण भाट्याच्या पुलावर बघितलंच.

आता समुद्र. जुलैतला समुद्र बघण्यासारखा असतो, शिरण्यासारखा नाही. मांडवीची वाळू काळी, भाट्याची पांढरट. एकाच गावात दोन रंग, मध्ये फक्त खाडी. उधाणाच्या भरतीला मिऱ्याच्या बंधाऱ्यावर लाटा अशा आपटतात की मागच्या घरांच्या खिडक्यांना मिठाचं पाणी लागतं. बंदरात बोटी एकमेकींना खेटून, वर ताडपत्र्या नाहीतर माडाचे झाप टाकून शाकारलेल्या. बरेचसे खलाशी नेपाळचे, ते आपापल्या गावी गेलेले. हंगामात ज्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते तिथं कुत्री झोपलेली असतात, जाळी विणणारे चार जण असतात, आणि पाऊस.

या गावात मनाविरुद्ध पावसाळे काढलेला मी काही पहिला नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथं आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथंच वारला. त्याचा राजवाडा बांधून झाला १९१० साली. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतं. राजाला एकतीस पावसाळे मोजावे लागले. माझा मुक्काम दरवर्षी आठ-दहा दिवसांचा, तरी सहाव्या दिवशी लॉजच्या खोलीत ओलसर चादरीवर पडल्यावर मला त्याच्याबद्दल फार जवळीक वाटते. कपडे वाळत नाहीत हो. पंख्याखाली, इस्त्रीनं, कंडेन्सरच्या पाइपावर टाकून, सगळे उपाय झाले. तिसऱ्या दिवसापासून मी एकच जोड घालतो, ओला निघालेला ओलाच.

आणि एक प्रसंग सांगतो, कारण "कधी जावं" याचं निम्मं उत्तर त्यात आहे. चौथ्या-पाचव्या वर्षीची गोष्ट. रविवारी काम बंद होतं. फॅक्टरीतला हेल्पर पोरगा संगमेश्वरकडचा, म्हणाला, "मिस्त्री, आमच्या गावच्या पऱ्यावर चला, तिथे कोणी येत नाही." पऱ्या म्हणजे ओढा. गेलो. माडाच्या उंचीचा धबधबा, खाली कमरेएवढं पाणी, काचेसारखं. वर ऊन पडलेलं. मी डोकं धारेखाली धरून उभा, आयुष्यात पहिल्यांदा पार्टीच्या खर्चानं खरोखर मजा करत. एवढ्यात पोरानं माझं मनगट धरलं आणि एक शब्द न बोलता ओढतच कडेला, तिथून वर झाडापाशी नेलं. मी चिडलो. चप्पल खालीच राहिली होती. त्यानं पाण्याकडं बोट दाखवलं. काचेसारखं पाणी तांबूस झालं होतं, त्यावर काटक्या आणि पालापाचोळा. "वर सड्यावर पडलाय," तो म्हणाला. आमच्या डोक्यावर थेंब नव्हता. आणखी थोड्या वेळानं आम्ही जिथं उभे होतो तो दगड दिसेनासा झाला. चप्पल बहुतेक समुद्रापर्यंत गेली असेल. माझ्यापेक्षा तिचं पर्यटन चांगलं झालं.

तेव्हापासून मी धबधब्याखाली उभा राहिलो तरी नजर पाण्याच्या रंगावर ठेवतो. आणि पावसाळ्यात समुद्रात घोट्याच्या वर जात नाही. गणपतीपुळे, आरे-वारे, हे किनारे फोटोत फार सुंदर दिसतात आणि तिथं दरवर्षी पाहुणेच बुडतात, गावचे नाही. गावचा माणूस त्या दिवसांत पाण्याकडं पाठ करून जाळं विणत बसतो. अनेकांना वाटतं तो घाबरट आहे.

फॅक्टरीचंही सांगतो, नाहीतर मी नुसताच हिंडतो असं वाटेल. मोठी टाकी, त्यात मिठाचं पाणी. अमोनियाच्या कॉइलनी ते शून्याच्या बरंच खाली नेतात, पण मिठामुळं ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे डबे उभे सोडायचे, गोडं पाणी गोठतं, लादी तयार. समुद्राच्या काठावर बसून खाऱ्या पाण्याकडून गोड्या पाण्याचा बर्फ करून घ्यायचा. एवढ्या वर्षांनीही मला यात गंमत वाटते. मी गेलो की आधी अमोनिया गॅस रिसीव्हरमध्ये, म्हणजे त्याच्या टाकीत, गोळा करतो, मग कॉम्प्रेसरचं हेड उघडतो. व्हॉल्व्ह, रिंगा, ऑइल सील. कुठं जरा गॅस राहिला असेल तर डोळे-नाक सांगतातच. खाऱ्या हवेनं नटबोल्ट असे गंजलेले असतात की पान्यापेक्षा छिन्नी जास्त चालते. घाटावरच्या डेअरीत जे काम दोन दिवसांचं ते इथं चार दिवसांचं. हेही पर्यटनच.

राहता राहिले मासे. परत आलो की अख्खी गल्ली पिशवीकडं बघते. सुरमई आणली? पापलेट? जुलैत कुठली सुरमई! बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही, पण त्या दर्यात त्या जाणार किती. तुम्हाला हॉटेलात जुलैमध्ये 'ताजी सुरमई' अशी पाटी दिसली तर ती मे महिन्यापासून कुठं झोपली होती हे मला विचारा, तिचा बिछाना मीच दुरुस्त करतो. मालकांच्या घरी त्या दिवसांत कुळथाची पिठी आणि भात असतो, सुकटीची चटणी असते, कधी पहिल्या पावसातले चढणीचे मासे नाहीतर कुर्ल्या. मी जेवलेलं सगळ्यात चांगलं जेवण तेच. बाहेर कौलांवर पाऊस, आत गरम पिठी. पण हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला सुरमईच हवी असते.

तर कधी जावं? समुद्रात खेळायचं असेल तर नोव्हेंबरनंतर जा, धबधबे विसरा. धबधबे हवे असतील तर जुलैत जा, समुद्र लांबून बघा आणि जेवणाची तक्रार करू नका. दोन्ही एकदम हवंच असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचे पहिले काही दिवस. गणपतीला आलेले चाकरमानी परतलेले असतात, रस्ता मोकळा असतो, सड्यांवर रानफुलं असतात, मोठ्या धबधब्यांना पाणी असतं आणि बोटी सुरू झाल्यामुळं मासे खरे ताजे. समुद्रात जाण्याआधी तरी गावच्या माणसाला विचाराच. आरे-वारेच्या वरच्या वळणावर गाडी थांबवा. हे मी ऐकून सांगतोय. त्या दिवसांत मी स्वतः कधीच गेलो नाही, कारण तेव्हा मशीन चालू असतं आणि चालू मशीनवाला मला बोलावत नाही.

यंदा ३० जुलैला मशीन सुरू करून दिलं. बोटींवरच्या ताडपत्र्या निघायला लागल्या होत्या, धक्क्यावर डिझेलचा वास, नेपाळी पोरं परतलेली. पहिली लादी डब्यातून सुटून फळीवर घसरत आली तेव्हा मालकांनी तिला नारळ वाढवला. म्हणाले, "दोन दिवस थांबा मिस्त्री, पहिली मासळी घेऊनच जा." दुसऱ्या दिवशी इचलकरंजीच्या डेअरीचं काम होतं. निघताना आजींनी कागदात, त्यावर प्लॅस्टिकमध्ये, त्यावर पुन्हा पिशवीत गुंडाळून सुके बांगडे दिले. एसटी भरलेली होती, घाटात माणसं उभी होती. माझ्या शेजारची सीट मात्र कोल्हापूर येईपर्यंत रिकामी राहिली.